सवतीचं सोनं

मनकर्णाच्या गळ्यात तिची सवत होती. थट्टा नाही. काळ्या दोऱ्यात ओवलेली, अंगठ्याच्या नखाएवढी, सोन्याची सवत.

आमच्याकडची रीतच आहे ती. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बाई. दोन डोळे, नाक, डोक्यावर पदर, झालं. लग्नात मंगळसूत्राच्या आधी तो टाक गळ्यात पडतो. नाही घातला तर मेलेली बाई बसायला जागा शोधत घरभर फिरते म्हणतात. आणि एकदा घातला की मग सगळं आधी तिला. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाची पहिली पोळी टाकापुढं. बाजारातून वेणी आणली तरी तिचं एक फूल आधी त्या पत्र्याला. जिवंत बाईनं दुसरा नंबर धरायचा आणि वर तोंड हसरं ठेवायचं. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण बाईनं काढलेली नाही एवढं नक्की.

नगरला लागून भिंगार आहे, तिथं तिचा नवरा सहादेव राहायचा. बापजादे शेतकरी, पण हा मिसरूड फुटायच्या आत काचेच्या कारखान्यात गेला आणि शेतीला पारखा झाला. कारखाना सोडून आला तो हातात एक विद्या घेऊन. ज्योतीवर काचेची नळी तापवायची, मऊ झाली की फुंकर मारून तिची शिशी करायची. घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये टेबल, टेबलावर बर्नर आणि बाजूला वेल्डिंगवाल्याकडून आणलेली ऑक्सिजनची टाकी. टाकीची चावी मनकर्णाकडं. त्यानं मान हलवली की उघडायची, परत हलवली की बंद. दिवसभरात नवरा-बायकोचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. सहादेव माणूस वाईट नव्हता, पण घुमा. पहिली बायको मुक्ताबाई भरल्या दिवसांची असताना अडली आणि पोटातल्या जिवासकट गेली, तेव्हापासून त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं होतं.

मनकर्णा त्याच्या अगदी उलट. पाथर्डीकडची, खडकाळ रानातली, तोंडाची फटकळ. नळावर बायांनी छेडलं की म्हणायची, "माझी सवत लई गुनाची बाई. खात न्हाई, पित न्हाई, भांडत न्हाई. नुसती छातीवर बसून ऱ्हाती." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मनकर्णाही हसायची, आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन वळली की तिचे ओठ घट्ट मिटायचे.

कारण लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. आणि तिच्या मनानं घेतलं होतं की याला ही गळ्यातलीच कारण आहे. जिला स्वतःचं पोर मिळालं नाही ती दुसरीला कशी मिळू देईल? रात्री नवऱ्याशेजारी पडायची तेव्हा टाक दोघांच्या मध्ये यायचा. ती तो पाठीवर टाकायची. सकाळी उठली की परत पुढं. मनकर्णाला फार काही नको होतं. घरातली एक गोष्ट, एकच, पहिल्यांदा तिची व्हावी. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, देवानं पोर दिलंच तर ते टाकाला लावायचं नाही. लुगडं घे, पोळी घे, फूल घे. पोराला हात लावायचा नाही.

दुष्काळाचं साल होतं ते. रस्त्यांच्या कडेला बायाबाप्ये उन्हात खडी फोडत बसलेले. पण कालव्याच्या अंगाला, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, पैशाला तोटा नव्हता. संक्रांतीच्या सुमाराला झेंडीगेटचे अमीनभाई अत्तार सायकल लावून शेडमध्ये आले. तिकडच्या एका बड्या घरचं लग्न होतं, आणि त्यांना प्रत्येक पाहुण्याच्या हातात गुलाबाच्या अत्तराची शिशी द्यायची होती. शिशी साधी नको, सोन्याचा गुलाबी रंग चढवलेली हवी. असलं काम त्या भागात एकट्या सहादेवला येत होतं. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ते त्याला शिकवलेलं.

काम दिसायला सोपं. काचेच्या कांडीच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं सोनं चिकटवायचं आणि ज्योतीत धरायचं. सोनं वितळतं, त्याची गोळी होते, गोळी उकळते आणि तिची वाफ उडायला लागते. त्या वाफेपुढं तापलेली शिशी फिरवत राहायचं. बघता बघता काच रंगते, पान खाल्लेल्या ओठांसारखी. पण सोनं निखळ पाहिजे. तिथं लबाडी चालत नाही. माणसाला पितळ सोनं म्हणून खपवता येईल, ज्योतीला नाही.

आणि निखळ सोनं आणायचं कुठून? सरकारचा सोन्याचा कायदा आल्यापासून सोनार कुणाला नुसता सोन्याचा तुकडा द्यायला तयार नव्हता. दागिना घ्या म्हणायचा. मनकर्णानं आपल्या बोरमाळेचा एक मणी काढून दिला. त्याच्या पोटात लाख भरलेली. ज्योतीत धरल्याबरोबर असा धूर आणि अशी घाण, की शिशी काळीठिक्कर पडली. मग बुगडीचा तुकडा. त्यात तांबं, ज्योत हिरवी झाली आणि काचेवर शेणानं सारवल्यागत रंग आला. सहादेवनं ती शिशी पाण्याच्या बादलीत टाकली, ती तडकली, आणि तो डोकं धरून बसला.

"सराफाकडं जाऊन बघू तरी," मनकर्णा म्हणाली. "हितं डोकं धरून सोनं पिकनार हाय व्हय?"

दोघं सराफ बाजारात रंगनाथ सोनाराकडं गेली. रंगनाथ जुना माणूस, सहादेवच्या घरचं सगळं काम त्याच्याकडंच. त्या वर्षी त्याच्या दुकानात दागिन्यांचा ढीग पडला होता, कारण खेड्यापाड्यांतून लोक अंगावरचं मोडायला आणत होते. त्यानं एक परात पुढं ओढली आणि बोटानं एकेक वस्तू बाजूला सारायला लागला. "हिच्यात लाख आहे. ह्याला डाख लावून जोड दिलाय, डाख जळला की तुझ्या काचेवर ठिपके पडणार. ही मोहनमाळ चांगली, पण हिच्यातही तांबं आहेच. सहादेव, निखळ सोनं मऊ असतं बाबा, नुसतं दाबलं तरी वाकतं. दागिन्यात ते कुणी घालत नाही. निखळ लागतं ते एक देवाला, आणि…"

तो तिथंच थांबला आणि परात आवरायला लागला. पण मनकर्णाचा हात पदराखाली गळ्याशी गेला होता. पुढचं तिला सांगायची गरज नव्हती. मुक्ताबाईच्या आईनं, शेवगावकडच्या आक्काबाईनं, लेकीचा टाक चांदीचा करू दिला नव्हता. आपल्या आजेसासूच्या माळेतली सोन्याची पुतळी मोडून, ह्याच रंगनाथपुढं ठाण मांडून, तिनं तो निखळ सोन्याचा ठोकून घेतला होता. कडीसुद्धा लावू दिली नव्हती, डाख लागेल म्हणून. नुसतं भोक पाडून दोरा ओवलेला. हे सगळं मनकर्णाला लग्नात पन्नासदा ऐकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहादेव ऑक्सिजनची टाकी बदलायला गेला. भरदुपार होती, आळीत कुत्रंही हलत नव्हतं. मनकर्णानं दाराला कडी घातली, दोरा तोडला आणि टाक पाट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत तिनं तो असा निवांत कधी पाहिला नव्हता. गळ्यात असताना त्याचं तोंड कायम तिच्या छातीकडं. आता तो उताणा पडून तिच्याकडं बघत होता. अंगाच्या घामानं, हळदीनं त्याचं नाक झिजलेलं, पदर झिजलेला. डोळे मात्र काल ठोकल्यासारखे. तिनं वरवंटा उचलला. पहिल्या घावात पदर गेला, दुसऱ्यात तोंड. डोळे जाईनात. चवथा-पाचवा घाव बसला तरी ते दोन ठिपके होतेच. मग तिनं तो पत्रा डोळे आत घेऊन दुमडला, परत दुमडला, आणि ठोकून ठोकून त्याची गोळी केली.

"आता जा बाई तुझ्या वाटंनं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. डालड्याच्या डब्याचा पत्रा नखाएवढा कापून तिनं दोऱ्यात बांधला आणि दोरा चोळीत सोडून दिला.

सहादेवला सांगितलं, आईनं चोरून दिलेली पुतळी होती, मोडून ठेवलेली. तो भोळा, त्याला खरं वाटलं. पण हातचं काम बिघडायला नको म्हणून परत रंगनाथकडं घेऊन गेला, मनकर्णाही मागोमाग. रंगनाथनं गोळी कसोटीच्या दगडावर घासली. पिवळी रेघ उठली. तेजाबाचा थेंब टाकला, रेघ हलली नाही. मग त्यानं गोळी तळहातावर घेतली, अंगठ्यानं फिरवली, आणि त्याचा अंगठा थांबला. त्यानं मान वर करून मनकर्णाच्या गळ्याकडं पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांत असं रोखून पाहिलं, की म्हातारा दचकला.

"सोनं शंभर नंबरी आहे," तो सहादेवला म्हणाला. "पण माझं ऐक, हे जाळू नको. देवापुढं ठेव, नाहीतर गोदावरीत सोड."

"का म्हनून?"

"का ते नको विचारू."

"कायद्याला भितोय म्हातारा," मनकर्णा फटकन म्हणाली. "चला. उशीर हुतोय."

सकाळच्या उन्हात काम सुरू झालं. सहादेवनं गोळी कांडीच्या टोकाला लावली, मान हलवली, मनकर्णानं चावी उघडली. ज्योत निळी होऊन सूं सूं करायला लागली. गोळी लाल झाली, मग ओली दिसायला लागली, मग गोल. ती कांडीच्या टोकावर हळूहळू फिरत होती. वितळलेलं सोनं फिरतं कधीकधी, सहादेवला ते माहीत होतं, मनकर्णाला नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी मान वळवून बघतंय. मग वाफ सुटली. शिशी रंगायला लागली, आणि काय रंग तो! सहादेवच्या तोंडून आपसूक "वा!" निघालं. तो माणूस वर्षात एकदाही वा म्हणायचा नाही.

एक झाली, दुसरी झाली, टोपली भरत आली. गोळी बारीक होत गेली. मनकर्णाला गळा हलका वाटत होता, इतका हलका की मान आपोआप वर होत होती. तेवढ्यात सहादेवनं हवेत हुंगलं.

"शेजारी कुनी बाळंत झालंय का?"

"न्हाई वो. का?"

"शेपाचा वास येतोय. धुरीचा."

मनकर्णालाही तो आला. बाळंतशेपा, ओवा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळंतिणीच्या बाजेखाली धुरी धरतात ना, तोच वास. कोंदट, गोडूस. आळीत कुठंच धूर नव्हता. तिनं चावी बंद केली, ज्योत विझली, तरी वास तिच्या नाकात, घशात, पार आत छातीपर्यंत बसून राहिला.

त्याच महिन्यात तिला दिवस गेले.

आता काय विचारता! मनकर्णा पाय जमिनीला टेकू देईना. आळीभर चिंचा मागत फिरली, नळावर सगळ्यांच्या पुढं कळशी लावायला लागली. पेढे आणले ते कुणापुढं न ठेवता पहिला स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून खाल्ला. मनाशी म्हणायची, बघा, मी म्हणत नव्हते? सवत उतरली आणि कूस भरली. तिला जराही वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला बोला, आनंदानं वेडी झाली होती ती.

त्या बड्या घरचं लग्न उरकलं आणि होळीच्या आसपास अमीनभाई आले. सायकलला टोपली, टोपलीवर फडकं.

"भाभी, रागावू नका," ते म्हणाले, "पण ह्या शिश्या परत घ्या. एकेक करून लोकांनी आणून दिल्या. अत्तर माझं खरं आहे हो. ह्यातलं काढून साध्या शिशीत ओतलं की गुलाबच. परत ह्यात घातलं की…" त्यांनी बूच काढून शिशी पुढं केली.

मनकर्णाला नाकाशी धरावीच लागली नाही. शेडभर शेपाचा वास झाला.

"त्या घरची म्हातारी तर म्हणाली, ही शिशी जवळ ठेवून झोपलं की कुणीतरी कण्हतं. आम्ही धंदेवाले लोक, आम्हाला काय कळतं? पैसे नकोत मला. फक्त ह्या माझ्या दुकानात नकोत." फडक्यासकट टोपली ठेवून ते निघून गेले. चहाला थांबले नाहीत.

सहादेवनं शिश्या धुतल्या, राखेनं घासल्या, उन्हात ठेवल्या. वास जाईना. ज्योतीवर धरून रंग काढता येईल का म्हणून मनकर्णानं विचारलं, तर तो म्हणाला, "काचेत गेलेलं सोनं परत निघत न्हाई. काच फोडली तर तुकड्यात ऱ्हातं." तिनं तरीही एक शिशी मागच्या दगडावर आपटली. वास असा अंगावर आला की तिला पडवीत बसावं लागलं. संध्याकाळपर्यंत ते बारीक गुलाबी तुकडे मातीत चमकत होते, आणि ते वेचताना तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. गळ्यात होती तेव्हा ती एका जागी होती. तोंड दाबून, दोऱ्याला बांधून. आता ती फडताळात रांगेनं उभी होती, आणि दिवसा उन्हाची तिरीप आली की घराच्या भिंती गुलाबी व्हायच्या. सहादेव जेवता जेवता घास हातात धरून तिकडं बघत बसायचा. का बघतोय ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

उन्हाळा सरला, पावसाळा आला. पोट वाढत होतं, वाजवीपेक्षा जास्तच. मनकर्णा कुणाला बोलली नाही, पण तिची भीतीही वाढत होती. मुक्ताबाई ह्याच घरात, ह्याच बाजेवर अडली होती.

आणि भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण मेलेल्या बाईचा हा दिवस. दरवर्षी ह्या दिवशी आक्काबाई शेवगावहून एसटीनं यायची, टाक दुधानं धुवायची, हळदकुंकू लावायची, आणि जावयाच्या घरी जेवून संध्याकाळी परत जायची. काटक म्हातारी. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनं कापलेल्या, पण पोटच्या लेकीच्या वेळी ती वेळेत पोचली नव्हती. मनकर्णाला ती लेकच मानायची. मनकर्णा मात्र तिला आई कधी म्हणाली नाही, आक्काच म्हणायची.

दारात पाय धुतानाच म्हातारी थबकली. "धुरी कुनाला दिली गं?"

"कुनाला न्हाई."

म्हातारीनं पोट बघितलं, तोंडभर हसली, कानशिलावर बोटं मोडली. मग दुधाची वाटी घेऊन पाटावर बसली आणि हात पुढं केला. "आन माझ्या मुक्तीला."

मनकर्णा उभीच राहिली. सहादेव म्हणाला, "दे की." तिनं दोरा काढला. आक्काबाईनं तळहातावर तो डालड्याचा पत्रा बघितला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय हाय?"

मग मनकर्णानं सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थच नव्हता. सांगता सांगता तिला रडू यायच्या ऐवजी रागच आला. "किती वर्सं वागवू, आक्का? माझ्या उरावर बसून सगळं पहिलं तिनं खाल्लं. मला पोर पायजे हुतं. एक पोर!"

सहादेव भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं वा म्हटलेला रंग कशाचा होता ते त्याला आता कळलं.

आक्काबाई ओरडली नाही. तिनं शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठून फडताळाशी गेली, एक शिशी काढली, गालाला लावली.

"शेपा, ओवा मी पदरात बांधून आन्लं हुतं त्या दिवशी," ती म्हणाली. "पोचले तवा तिला खाली घेतली हुती. धुरी द्यायची ऱ्हाऊनच गेली. तवापास्नं मागतीय ती." मग वळून मनकर्णाकडं बघितलं. "पोरी, टाक हुता तोवर तिला सांगता येत हुतं, हे घे, ते घेऊ नको. आता कुनाला सांगशील? ऐक माझं. पोर झालं की आधी तिच्या नावानं पुढं ठेव. एक घडीभर. मग तुझं हाय."

"न्हाई."

"मनकर्णे…"

"न्हाई म्हनलं ना! हे पहिलं माझं. तिनं बघायचंसुदिक न्हाई!" असं म्हणून ती तरातरा फडताळाकडं निघाली, शिश्या बाहेर फेकायला. हात वर केला आणि तिथंच कळवळून खाली बसली. पाटाशेजारी पाण्याचं थारोळं झालं.

दिवस भरायला अजून अवकाश होता. सुईणीला बोलवायला वेळ नव्हता. जी समोर होती तिनंच पदर खोचला. मनकर्णानं त्या म्हातारीचे हात बघितले आणि तिची पाचावर धारण बसली. ह्या बाईच्या लेकीला आपण वरवंट्यानं ठेचलं आणि आता आपला जीव हिच्या हातात. "आक्का, मला मारू नका," ती म्हणाली.

"गप. कळ आली की जोर कर," आक्काबाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि हात मात्र जिथल्या तिथं चालत होते.

उन्हं कलायच्या आत पोर बाहेर आलं. मुलगी. नाकीडोळी नीटस, केस कानापर्यंत आलेले. आक्काबाईनं तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तोंडावर गार पाणी मारलं. कानाशी काशाची थाळी वाजवली. म्हातारीनं आपल्या सगळ्या आयुष्यात शिकलेलं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. पोर रडलं नाही.

मनकर्णा बाजेवरून बघत होती. कुणी तिला काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिला परत कळ आली, आणि आक्काबाईनं पोटावर हात ठेवून एकदम म्हटलं, "अगं, अजून एक हाय!"

दुसरी आली ती रडतच आली. सगळं घर दणाणून सोडलं तिनं. आक्काबाईनं तिला पुसून मनकर्णाच्या छातीशी दिली, आणि पहिलीला आपल्या पदरात गुंडाळलं.

"आक्का," मनकर्णा म्हणाली. "ती पहिली… ती तिच्या ओटीत घाला."

"कुठं घालू? टाक कुठं हाय?" म्हातारीनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. मग गाठोडं उराशी धरून ती उठली. "ऱ्हाऊ दे. मी तिची आई हाय. माझ्या ओटीत घेते."

सहादेव परसात, शेडच्या मागं, कुदळीनं खड्डा खणत होता. आक्काबाई मागच्या दारानं तिकडं गेली. घरात आता मनकर्णा आणि पोर, दोघीच. पोर चुटुचुटु पीत होती. मनकर्णा तिच्या टाळूवर ओठ टेकवून मुकाट रडत होती, आणि रडताना तिला वाटत होतं, असू दे, दुसरी का होईना, ही माझी आहे, ही जिवंत आहे.

तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. तान्ह्या पोराचा, बारीक, भुकेला. मनकर्णानं खाली बघितलं. पोर तोंड न काढता पीत होती. आवाज परसातून येत होता.

"आक्का!" तिनं हाक मारली. "आक्का, ती रडतीया!"

आक्काबाई दारात आली. तिचे हात मातीचे होते, आणि रिकामे. "कुनी न्हाई रडत, पोरी," ती म्हणाली. "झालं सगळं. तू पड."

पण रडणं चालूच होतं. मनकर्णाच्या दुसऱ्या थानाला कळ आली, तडतडलं, आणि पान्हा फुटला. कुणी तोंड लावलेलं नसताना दूध वाहायला लागलं, चोळी भिजली, खालची गोधडी भिजली. तिनं तो हातानं दाबला नाही, पदरानं पुसला नाही. तशीच पडून राहिली आणि ऐकत राहिली. हळूहळू परसातलं रडणं कमी झालं, मग नुसते हुंदके आले, आणि मग, पोट भरलेलं पोर गप होतं तसं, ते गप झालं.